कारखान्यातील उन्हाळा आणि वर्गातील भाषा : एक चिकित्सा

गणित व विज्ञान शिकविणाऱ्या शालेय शिक्षकांनी उन्हाळी सुटीचे काही आठवडे एखाद्या उद्योगसंस्थेत प्रत्यक्ष काम करावे आणि तेथे मिळविलेला अनुभव पुढील सत्रात वर्गात आणावा, ही कल्पना अमेरिकेत चांगली रुजलेली आहे. तिच्यावरील लेखनही विपुल आहे. परंतु त्यातील बहुतेक लेखन एकतर प्रशस्तिपर असते किंवा हिशेबवजा. अनुभव ‘वर्गात आणणे’ म्हणजे नेमके काय करणे, हा प्रश्न त्यात क्वचितच विचारला जातो. तो प्रश्न मूलतः भाषेचा आहे, आणि त्याच्या उत्तरावर या साऱ्या उपक्रमाची किंमत ठरते, असे दाखविण्याचा प्रयत्न पुढील विवेचनात केला आहे.

१

प्रथम थोडी पूर्वपीठिका. उद्योगसंस्थेने शिक्षकांच्या उन्हाळ्यात रस घेण्याचा प्रघात दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीपासूनचा आहे. जनरल इलेक्ट्रिक या कंपनीने १९४५ साली न्यूयॉर्क राज्यातील युनियन कॉलेजात विज्ञानशिक्षकांसाठी उन्हाळी अभ्यासवृत्ती सुरू केल्या. १९५३ पासून अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठानने विद्यापीठांतून उन्हाळी संस्थाने भरविण्यास आरंभ केला. १९५७ च्या ऑक्टोबरात सोव्हिएत स्पुटनिक आकाशात गेला आणि या संस्थानांना एकाएकी राष्ट्रीय निकडीचे रूप आले. तथापि या पहिल्या पिढीच्या उपक्रमांत शिक्षकाची भूमिका मुख्यतः श्रोत्याची होती. विद्यापीठातील प्राध्यापकाने नवे विज्ञान सांगावे आणि शाळेतील शिक्षकाने ते टिपून घ्यावे, अशीच ती रचना होती.

दुसऱ्या पिढीचा आरंभ १९८० नंतरच्या दशकात झाला. १९८३ च्या ‘अ नेशन अॅट रिस्क’ या अहवालाने अमेरिकी शालेय शिक्षणाविषयी मोठी अस्वस्थता निर्माण केली होती. त्या वातावरणात, १९८५ साली, सॅन फ्रान्सिस्को उपसागराच्या परिसरातील काही कंपन्या आणि बर्कली येथील लॉरेन्स हॉल ऑफ सायन्स यांच्या सहकार्यातून एक संस्था उभी राहिली. ‘इंडस्ट्री इनिशिएटिव्ह्ज फॉर सायन्स अँड मॅथ एज्युकेशन’ असे तिचे नाव. पुढे तिने ‘इग्नाइटेड’ हे नाव धारण केले. येथे शिक्षक श्रोता राहिला नाही. सुमारे आठ आठवडे तो कंपनीत सवेतन काम करू लागला. वेळाचा मोठा भाग यजमान संस्थेच्या कामाला द्यावयाचा आणि सुमारे एक दशांश भाग ‘शैक्षणिक संक्रमण योजना’ लिहिण्याला, अशी विभागणी होती. कारखान्यात जे मिळाले ते वर्गात कसे नेणार, याचा लेखी आराखडा म्हणजे ही योजना. चिकित्सेच्या दृष्टीने या एक दशांशाचे महत्त्व उरलेल्या नऊ दशांशांहून अधिक आहे.

२

‘संक्रमण’ हा शब्द निरुपद्रवी वाटतो. पण त्यात एक रूपक दडलेले आहे. ज्ञान ही एक वस्तू आहे, ती कारखान्यात ठेवलेली आहे, शिक्षकाने ती उचलून वर्गात नेऊन ठेवावयाची आहे, असे ते रूपक. वस्तूला वाटेत काही होत नाही, हे त्यात गृहीतच धरलेले असते. बेसिल बर्नस्टाइन यांनी शैक्षणिक भाषाव्यवहाराची मीमांसा करताना नेमके या गृहीतावर बोट ठेवले. ज्या क्षेत्रात ज्ञान निर्माण होते तेथून ते शाळेच्या क्षेत्रात येते, तेव्हा त्याचे पुनःसंदर्भीकरण होते. त्याचा क्रम, त्याचा हेतू आणि त्यात बोलणाऱ्याचा अधिकार हे सारे बदलते. शाळेतील सुतारकाम हे सुताराचे सुतारकाम राहत नाही. तो शाळेचा एक विषय होतो.

एका साध्या उदाहरणाने हे स्पष्ट होईल. समजा, एका यंत्रशाळेत लेथवर दंडगोल कातले जात आहेत. अपेक्षित व्यास २५.०० मि.मी. आहे आणि दोन्ही बाजूंना ०.०२ मि.मी. टॉलरन्स दिलेला आहे. लागोपाठच्या सहा नगांची मापे अशी येतात : २४.९९, २५.००, २५.००, २५.०१, २५.०१, २५.०२. शाळेतील विद्यार्थ्यापुढे ही मापे ठेवली, तर त्याला ‘मध्य व प्रमाण विचलन काढा’ असे सांगितले जाईल. तो ते काढील, आणि उत्तर बरोबर आले की प्रश्न संपेल. यंत्रशाळेत मात्र प्रश्न तेथे सुरू होतो. सहाही नग मर्यादेत आहेत, म्हणजे एकही नग टाकाऊ नाही. परंतु मापे क्रमाने चढत आहेत. कातणाऱ्या हत्याराची धार झिजू लागली की दंडगोलाचा व्यास वाढत जातो. म्हणून जाणता कारागीर सातवा नग बिघडण्याची वाट न पाहता यंत्र थांबवील. प्रत्येक संख्या सुटी घेतली तर निर्दोष, पण त्यांचा क्रम सदोष, हा विचार शालेय गणितात जवळजवळ अनुपस्थित असतो. मध्य आणि प्रमाण विचलन काढताना क्रम टाकूनच दिलेला असतो. तीच सहा मापे कोणत्याही क्रमाने लिहिली तरी उत्तर तेच येते.

वॉल्टर श्यूहार्ट यांनी १९२४ साली बेल दूरध्वनी उद्योगसमूहात नियंत्रण-आलेखाची कल्पना मांडली, तिचे मर्म हेच. मापांतील चढउतार निव्वळ यादृच्छिक आहे की त्यामागे शोधून काढता येण्याजोगे कारण आहे, याचा निर्णय त्या आलेखावरून करावयाचा असतो. गणित येथे निर्णयाच्या सेवेत असते. हे काम पाहिलेला शिक्षक वर्गात परतल्यावर जर ‘कारखान्यातील सहा मापे’ असा मथळा देऊन पुन्हा प्रमाण विचलनच काढावयास सांगू लागला, तर मापे तेवढी संक्रमित झाली, विचार नव्हे. संक्रमण योजनेचे रूपांतर अशा मथळ्यांच्या संग्रहात होणे हा या उपक्रमाला असलेला सर्वांत मोठा धोका होय.

३

हा धोका केवळ शिक्षकाच्या आळसातून येत नाही. त्याचे मूळ दोन भाषारूपांच्या भिन्न घडणीत आहे. १९७४ साली नैरोबी येथे भाषाविज्ञान आणि गणितशिक्षण यांच्या संबंधांवर परिसंवाद झाला, तेव्हा एम. ए. के. हॅलिडे यांनी गणिताच्या विशिष्ट भाषारूपाची संकल्पना मांडली. गणिताची भाषा म्हणजे केवळ पारिभाषिक शब्दांची यादी नव्हे. अर्थ व्यक्त करण्याच्या आणि युक्तिवाद करण्याच्या पद्धतींचाही तीत समावेश होतो. ही दृष्टी घेऊन पाहिले, तर वर्ग आणि कर्मशाळा यांतील अंतर क्रियापदांतूनच दिसू लागते.

मराठीचा दाखला घेता येईल. वर्गातील गणिताची क्रियापदे आज्ञार्थी आहेत : काढा, सोडवा, सिद्ध करा, पडताळा पाहा. उत्तर ‘येते’ किंवा ‘चुकते’. कर्मशाळेत माप ‘बसते’, नग ‘चालतो’, काम ‘हातचे जाते’. पहिल्या संचात सत्य आणि असत्य यांचे द्वंद्व आहे. दुसऱ्यात पुरेसे आणि अपुरे यांचे. सुतार आणि फिटर आजही ‘दोन सूत कमी कर’ म्हणतात. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. त्या वाक्यात अपूर्णांक आहे, वजाबाकी आहे, आणि किती सूक्ष्मतेची येथे गरज आहे याचा निवाडाही आहे. शालेय मापनात तो निवाडा विद्यार्थ्याकडून मागितलाच जात नाही. तो पाठ्यपुस्तकाने ‘दोन दशांश स्थळांपर्यंत’ अशा शब्दांत आधीच करून ठेवलेला असतो.

‘एरर’ या इंग्रजी शब्दाचे उदाहरण तर अधिक बोलके आहे. मापनशास्त्रात त्याचा अर्थ मोजलेले मूल्य आणि संदर्भमूल्य यांतील फरक असा आहे. त्यात कोणाचा दोष अभिप्रेत नाही. वर्गात मात्र तो शब्द ‘चूक’ या अर्थानेच ऐकू येतो. मराठीत ‘त्रुटी’ म्हटले तरी दोषाची छटा जात नाही. कारखान्यात आठ आठवडे काढलेल्या शिक्षकाने जर एवढेच आणले, की माप घेणे म्हणजे अनिश्चितता मान्य करून तिला आकडा देणे होय, तर ते कोणत्याही ‘प्रत्यक्ष उपयोगाच्या’ उदाहरणापेक्षा मोलाचे ठरेल.

४

येथे एक आक्षेप संभवतो. कारखान्यात गणित इतके उघड असते काय, की पाहुण्या शिक्षकाच्या दृष्टीस ते पडावे? सीलिया हॉइल्स, रिचर्ड नॉस आणि त्यांचे सहकारी यांनी रुग्णालयातील परिचारिकांच्या औषधमात्रांच्या हिशेबांचा अभ्यास केला. तो २००१ साली प्रसिद्ध झाला. परिचारिकांना प्रशिक्षणात एक सर्वसाधारण सूत्र शिकविले जाते. प्रत्यक्ष कामात त्या बिनचूक हिशेब करीत; पण पुष्कळदा त्या सूत्राने नव्हे, तर त्या त्या औषधाच्या नेहमीच्या प्रमाणांशी जखडलेल्या संबंधांवरून. कार्यस्थळातील गणित असे वस्तूंत आणि सवयींत विरघळलेले असते. ते पाहावयाचे तर तेथील बोलणे ऐकावे लागते, आणि ऐकण्यासाठी तेथे काही काळ सहभागी व्हावे लागते.

जीन लेव्ह आणि एत्येन व्हेंगर यांनी १९९१ साली ‘वैध परिघीय सहभाग’ ही संकल्पना मांडली, तीत नवागत परिघावरून हळूहळू केंद्राकडे सरकतो. उन्हाळी शिक्षक मात्र परिघावर येतो तो परत जाण्यासाठीच. केंद्राकडे जाण्याची वाट त्याला नाही. ही त्याची मर्यादा खरी. परंतु हेच त्याचे सामर्थ्यही होऊ शकते. आतल्या माणसाला जे बोलणे सवयीने ऐकू येईनासे होते, ते पाहुण्याच्या कानाला खटकते. अट एवढीच, की त्याला ऐकण्याचे काम दिलेले असावे. कागदपत्रे लावणे किंवा संकेतस्थळ सजविणे यांतच आठ आठवडे गेले, तर यजमानाची सोय होईल आणि शिक्षकाची फसगत.

५

परिणामांचा पुरावा काय सांगतो? या बाबतीत सर्वाधिक उल्लेखिला जाणारा अभ्यास कोलंबिया विद्यापीठाच्या उन्हाळी संशोधन कार्यक्रमाचा आहे. तो २००९ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. या कार्यक्रमात शिक्षक लागोपाठ दोन उन्हाळे प्रयोगशाळेत काम करीत. सहभागापूर्वीच्या वर्षी त्यांचे विद्यार्थी आणि इतर शिक्षकांचे विद्यार्थी राज्यस्तरीय विज्ञानपरीक्षेत सारख्याच प्रमाणात उत्तीर्ण होत होते. सहभागानंतरच्या तिसऱ्या व चौथ्या वर्षी मात्र सहभागी शिक्षकांच्या विद्यार्थ्यांचे प्रमाण १०.१ टक्क्यांनी अधिक आढळले. शिक्षकांचे पेशा सोडून जाणेही कमी झाले.

हा निष्कर्ष आनंदाचा असला तरी तो सावधपणे वाचला पाहिजे. या फरकाची संभाव्यता ०.०४९ दिली आहे, म्हणजे प्रचलित ०.०५ च्या सीमारेषेला तो चिकटून आहे. असे उन्हाळे स्वखुशीने पत्करणारे शिक्षक मुळातच अधिक उत्साही असण्याचा संभव नाकारता येत नाही. शिवाय ही विद्यापीठीय प्रयोगशाळा होती, कारखाना नव्हे. प्रयोगशाळेत प्रश्न विचारणे हेच काम असते, कारखान्यात माल वेळेवर देणे. एकाच्या यशावरून दुसऱ्याची भलामण करणे तर्काला धरून नाही.

तरीही त्या अभ्यासातील एक गोष्ट विचारार्ह आहे : फरक दिसला तो तिसऱ्या-चौथ्या वर्षी. उन्हाळ्याअखेर लिहिलेला पाठ हेच जर लाभाचे साधन असते, तर लाभ लगेच दिसावयास हवा होता. विलंब असे सुचवितो, की बदलते ते शिक्षकाचे एकूण बोलणे, आणि ते सावकाश बदलते. हे अनुमान आहे, सिद्धता नव्हे. पण वर केलेल्या भाषिक विश्लेषणाशी ते जुळते.

६

या प्रश्नाचा महाराष्ट्राशी असलेला संबंध दूरचा नाही. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने सहावी ते आठवीच्या विद्यार्थ्यांसाठी दहा दिवसांचा दप्तराविना काळ सुचविला आहे. त्यात मुलांनी सुतार, माळी, कुंभार अशा स्थानिक कारागिरांबरोबर काम करावे, अशी अपेक्षा आहे. शिक्षकांसाठी त्याच धोरणात वर्षाला ५० तासांचे व्यावसायिक विकसन आहे. परंतु शिक्षकाने कर्मशाळेत राहावे, अशी तरतूद त्याला जोडलेली नाही. म्हणजे मूल सुताराकडे जाऊन येणार आणि परतल्यावर ‘सूत’ आणि ‘सेंटीमीटर’ यांचा सांधा त्याला जुळवून देणार तो शिक्षक, जो तेथे कधी गेलाच नाही. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली पाबळ येथे विज्ञान आश्रम उभारला, तेव्हा हाताने करीत शिकणे हाच त्याचा पाया ठेवला होता. त्या प्रयोगाचा धडा असा, की काम आणि विषय यांना जोडणारा माणूस दोन्ही भाषा बोलणारा असावा लागतो.

मराठी शिक्षकापुढील अडचण तर अधिक बिकट आहे. पाठ्यपुस्तकात संस्कृतोद्भव परिभाषा, सेमी-इंग्रजी वर्गात इंग्रजी परिभाषा, कर्मशाळेत टॉलरन्स, जॉब, रिजेक्ट अशी रुळलेली मिश्र बोली, आणि मुलाच्या घरी चौथीच भाषा. कॅलिफोर्नियातील आराखडा येथे जसाच्या तसा उचलला, तर संक्रमणाच्या रूपकाचीच पुनरावृत्ती होईल.

तेव्हा सुधारणा करावयाची ती त्या एक दशांशात. शिक्षकाने उन्हाळ्याअखेर पाठांचा आराखडा देण्याऐवजी एक नोंदवही द्यावी : कोणत्या प्रसंगी कोणता निर्णय झाला, तो कोणत्या शब्दांत बोलला गेला, आणि त्याच गोष्टीला पाठ्यपुस्तक काय म्हणते. यजमान संस्थेच्या गुप्ततेच्या करारामुळे जे सांगता येणार नाही, ते कोणते हेही आरंभीच ठरून असावे. ज्याच्याविषयी बोलावयाचीच मुभा नाही, ते वर्गात नेण्याची जबाबदारी शिक्षकावर टाकणे अन्याय्य आहे. आणि एका उन्हाळ्याऐवजी दोन उन्हाळे असावेत. पहिला ऐकण्याचा, दुसरा वर्गात उठलेले प्रश्न घेऊन परत जाण्याचा. हे न केले, तर कंपनीला स्वस्तात एक मदतनीस मिळेल, शिक्षकाला उन्हाळ्यापुरते मानधन मिळेल आणि विद्यार्थ्याला एक नवा मथळा. त्या सहा मापांचा क्रम मात्र त्याला कोणी वाचावयास शिकविलेले नसेल.