माराकाना : एका प्रेक्षागाराचे परीक्षण

ग्रंथाचे, नाटकाचे किंवा चित्राचे परीक्षण आम्ही समजू शकतो. परंतु खेळाच्या मैदानाभोवती उभारलेल्या प्रेक्षागाराचे परीक्षण ते काय करावयाचे, असा प्रश्न आमच्या काही वाचकांच्या मनात उद्भवणे स्वाभाविक आहे. आमचे उत्तर असे की, ज्या वास्तूत हजारो माणसे आपला हर्ष व आपला शोक एकत्र भोगतात, ती वास्तू त्या समाजाचा एक ग्रंथच होय. मात्र तो कोठे बसून वाचावा याविषयी पुष्कळांशी आमचा मतभेद आहे. स्टेडियमची स्तुती करताना कोणी त्याच्या छताचा विस्तार सांगतो, कोणी आसनांची संख्या, तर कोणी खर्चाचा आकडा. आमच्या मते स्टेडियमची खरी परीक्षा त्यातील सर्वांत स्वस्त जागेवर उभे राहूनच केली पाहिजे.

ही कसोटी प्राचीन वास्तूसही लावता येते. इ. स. ८० मध्ये सम्राट टायटसने खुले केलेले रोमचे कोलोसियम पाहा. रिंगणालगत राज्यसभेचे सभासद, त्यांच्यामागे श्रीमंत सरदार, त्यांच्यावर सामान्य नागरिक, आणि अगदी माथ्यावर, लाकडी बाकांवर, स्त्रिया व दरिद्री लोक, अशी तेथील बैठक होती. तेथे जे खेळ होत त्यांचे वर्णन करण्याची आमची इच्छा नाही; ते क्रूर होते. पण इतके मात्र कबूल करावे लागते की, ज्या राज्यकर्त्यांनी माणसामाणसांत एवढा भेद केला, त्यांनाही दरिद्र्याला भिंतीबाहेर ठेवण्याचे धैर्य झाले नाही. जागा वाईट होती, पण होती.

आता प्रस्तुत विषयाकडे वळू. ब्राझील देशातील रिओ द जानेरो शहराचे माराकाना स्टेडियम आम्ही परीक्षणास घेतले आहे, कारण एकच वास्तू या कसोटीस एका काळी उतरली व पुढे तीच ढळली, असे बोधप्रद उदाहरण तेथे मिळते. १९५० सालच्या विश्वचषक फुटबॉल स्पर्धेसाठी ते बांधावयाचे ठरले तेव्हा जागेवरून मोठा वाद माजला. कार्लोस लासेर्दा यांच्या मते ते शहरापासून दूर, जाकारेपागुआ येथे व्हावयास हवे होते. उलट मारिओ फिल्यो या पत्रकाराने जुन्या घोडशर्यतीच्या मैदानाचा कैवार घेतला. ही जागा शहराच्या आत होती, आणि उत्तरेकडील श्रमिक वस्त्यांना जवळची होती. ब्राझीलच्या फुटबॉलमध्ये कृष्णवर्णीयांनी आपले स्थान कसे मिळविले याचा इतिहास याच गृहस्थांनी १९४७ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध केला होता, हे ध्यानात घेतले म्हणजे त्यांचा आग्रह केवळ सोयीपुरता नसावा असे आम्हांस वाटते. १९४८ च्या ऑगस्टात काम सुरू झाले, १६ जून १९५० रोजी उद्घाटन झाले, आणि १९६६ साली या वास्तूस त्यांचेच नाव देण्यात आले.

मूळची रचना अगदी साधी होती. सुमारे ३१७ मीटर लांब व २७९ मीटर रुंद असे सिमेंट-काँक्रीटचे एक प्रचंड लंबवर्तुळ, वरच्या मजल्यावर अखंड पायऱ्यांचे वलय, त्याखाली खुर्च्या, आणि सर्वांत खाली, मैदानाच्या अगदी कडेला, खंदकापलीकडे, उभ्याने पाहणाऱ्यांसाठी मोकळी पट्टी. या पट्टीस ‘जेराल’ म्हणत. त्याचा अर्थ सर्वसाधारण. तेथे बसावयास जागा नव्हती, डोक्यावर छप्पर नव्हते, आणि मैदान जवळजवळ डोळ्यांच्या पातळीवर असल्यामुळे खेळापेक्षा खेळाडूंचे पायच अधिक दिसत. तरीही तेथे हजारो माणसे येत, चित्रविचित्र वेष करून येत, सबंध सामना मैदानालगत धावत व आरडत काढीत. कारण तेथील तिकीट मोलमजुरी करणाऱ्यास परवडत असे.

१६ जुलै १९५० चा सामना या स्टेडियमच्या इतिहासातील सर्वांत प्रसिद्ध होय. सामना बरोबरीत सुटला असता तरी ब्राझीलच विजेता ठरणार होता. तिकीट काढून आलेले प्रेक्षकच १,७३,८५० होते. फ्रियासाने ब्राझीलचा गोल केला. नंतर स्कियाफिनोने बरोबरी साधली, आणि अकरा मिनिटे उरली असता गिज्जियाने उरुग्वेचा विजयी गोल केला. एवढा जनसमुदाय एकाएकी मूक झाला. त्या क्षणी खुर्चीवरचा व्यापारी आणि जेरालमधला हमाल यांचे दुःख एकच होते, आणि ते एकाच छपरापासरशी, एकमेकांच्या देखत भोगले गेले. पुढे त्या पराभवाचा दोष मोआसीर बार्बोसा या कृष्णवर्णीय गोलरक्षकाच्या माथी मारण्यात आला, व २००० साली मृत्यू येईपर्यंत त्याची त्यातून सुटका झाली नाही. तेव्हा एकत्र उभे राहिल्याने समाजातील अन्याय नाहीसा होतो असे आम्ही म्हणत नाही. परंतु एकत्र उभेच न राहिल्यास तो दृष्टीसही पडत नाही, हे कोणी नाकारू शकेल काय?

पुढील हकीकत थोडक्यात सांगतो. ब्राझीलच्या राष्ट्रीय वारसा-संस्थेने २००० साली या वास्तूस संरक्षण दिले. असे असता २००५ साली जेराल बंद झाली. मैदान खाली नेऊन त्या जागी खुर्च्या मांडल्या. २०१० ते २०१३ या काळात एक अब्ज रिआलहून अधिक खर्च करून आतील भाग जवळजवळ नवा बांधला. काँक्रीटचे मूळ छत्र पाडून त्याऐवजी ताणलेल्या पटलाचे पांढरे छत घातले. आता आसने सुमारे ७८,००० आहेत. नवे छत सुंदर आहे, पाऊस लागत नाही, आणि प्रत्येक आसनावरून खेळ पूर्वीपेक्षा चांगला दिसतो. हे गुण आम्ही मोकळ्या मनाने मान्य करतो. पण १९५० साली जो पट्टीवर उभा होता, त्याच्या नातवास परवडेल अशी जागा या सुंदर वास्तूत कोठे आहे, असे विचारल्यास तिच्यापाशी समाधानकारक उत्तर नाही. पाहण्याची सोय वाढली, पाहणारा बदलला.

यावर एक आक्षेप येईल, आणि तो क्षुल्लक नाही. उभ्याची गर्दी धोक्याची असते. माराकानातच १९९२ साली वरच्या मजल्याचा कठडा तुटून तीन माणसे मेली. इंग्लंडात शेफील्ड येथील हिल्सबरो मैदानावर १९८९ साली झालेल्या चेंगराचेंगरीत ९७ जीव गेले. त्या दुर्घटनेची चौकशी करणाऱ्या न्यायमूर्ती टेलर यांनी सर्व प्रेक्षकांस आसने द्यावीत अशी शिफारस केली. परंतु दुर्घटनेचे मुख्य कारण पोलिसांचा बंदोबस्त कोलमडणे हे होय, असेही त्यांनी स्पष्ट नोंदविले, आणि आसनांचे दर उभ्याने पाहणाऱ्यांच्या आटोक्यात ठेवता येतील अशी अपेक्षा व्यक्त केली. शिफारस पाळली गेली. अपेक्षा विसरली गेली. उलट जर्मनीत डॉर्टमुंड येथील दक्षिण बाजूस आजही सुमारे २५,००० लोक मजबूत कठड्यांच्या आधाराने उभे राहून खेळ पाहतात, आणि इंग्लंडातही २०२२ पासून वरिष्ठ सामन्यांना अशी सुरक्षित व्यवस्था करण्यास परवानगी मिळाली आहे. सुरक्षितता आणि स्वस्ताई यांचे हाडवैर नाही, याला याहून निराळा पुरावा नको.

हा प्रश्न परक्या देशाचा म्हणून आमच्या वाचकांनी दूर सारू नये. मुंबईत ब्रेबोर्न स्टेडियम १९३७ सालचे. त्यापासून कोसभरही दूर नसलेले वानखेडे स्टेडियम १९७५ सालच्या जानेवारीत पहिल्या कसोटी सामन्यास सज्ज झाले. एवढ्या जवळ दुसरे स्टेडियम का उभे राहिले? स्टेडियमचा मालक असलेला क्लब आणि मुंबईची क्रिकेट संघटना यांच्यात प्रेक्षकांच्या जागांच्या वाटणीवरून तंटा झाला म्हणून. म्हणजे जागा कोणास मिळावी हाच स्टेडियमचा मूळ प्रश्न होय, हे मुंबईकरास निराळे सांगावयास नको. वानखेडेच्या उत्तरेकडील पायऱ्यांवरून उठणारा गलका ज्यांनी ऐकला आहे, त्यांना खेळाचा प्राण कोठे असतो हेही ठाऊक आहे.

सारांश, आजचे माराकाना हे सोयीचे, देखणे, पण कसोटीस न उतरलेले प्रेक्षागार आहे असा आमचा अभिप्राय आहे. जुनी जेराल जशीच्या तशी परत आणावी असे आम्ही सुचवीत नाही. गरिबाने पावसात भिजत दुसऱ्याचे पाय पाहावेत ही काही मोठी नीती नव्हे. त्याला चांगली जागा द्यावयाची होती. ती देण्याऐवजी त्याची जागाच काढून घेतली, हा आमचा आक्षेप आहे. यापुढे जगात कोठेही नवे स्टेडियम उभे राहिल्याची वार्ता आली, तर त्याचे छत किती रुंद हे विचारण्यापूर्वी, सामन्याच्या दिवशी त्याच्या दाराबाहेर शेंगदाणे विकणाऱ्यास आपल्या मुलाला घेऊन आत जाता येते की नाही, एवढे आमच्या वाचकांनी आधी विचारावे.