मराठी साहित्यातील मास्तर आणि वर्गाचे मौन

मराठी कथा-कादंबऱ्यांत मास्तर पुष्कळ आहेत. वर्ग मात्र फार थोडा आहे. शिक्षकाची मूर्ती रंगविताना आमच्या लेखकांनी त्याचे दारिद्र्य टिपले, त्याची निष्ठा टिपली, त्याच्या लकबी आणि त्याचा विक्षिप्तपणा तर मोठ्या हौसेने टिपला. परंतु त्या मास्तरासमोर बसलेले मूल बोलते केव्हा आणि गप्प राहते ते का, हा प्रश्न फारसा कोणी विचारला नाही. अध्यापन हाच ज्यांचा व्यवसाय आहे अशा आमच्या वाचकांनी या दृष्टीने दोन कृती पुन्हा पाहाव्यात, असे आम्हांस वाटते.

पहिली व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी' (१९५५). औंध संस्थानातील धनगरांच्या वाडीवर नेमणूक झालेला राजाराम विठ्ठल सौंदणीकर हा वयाने कोवळा मास्तर. मेंढरांमागे हिंडणारी पोरे शाळेत यावीत म्हणून त्याला आधी वृद्ध कारभाऱ्याचा आणि वाडीचा विश्वास मिळवावा लागतो. लोकांची पडतील ती कामे करीत तो वाडीचा होतो. मास्तराची वृत्ती वर्गाबाहेरच पारखली जाते, ही गोष्ट माडगूळकरांनी फार सूक्ष्मपणे दाखविली आहे. तथापि शाळा भरू लागल्यावर कादंबरीचे लक्ष मुलांवरून उडते. मग तालमीची इमारत उभी राहते, दुष्काळ येतो, वाडी उठून जाते. वर्गातील पोरांचा आवाज मात्र आपल्या कानी फारसा पडत नाही. हा दोष आम्ही म्हणत नाही, कारण लेखकाचा विषय वाडी आहे. पण शिक्षकाच्या बाजूने लिहिलेल्या कृतीत हे बहुधा असेच व्हायचे.

आनंद यादवांची 'झोंबी' (१९८७, साहित्य अकादमी पुरस्कार १९९०) बाकावरून लिहिलेली आहे. कागलच्या परिसरातील हा मुलगा बापाशी झुंजून पुन्हा शाळेत येतो, तेव्हा वर्ग त्याला परका झालेला असतो. त्याच्या पोशाखाची टवाळी होते. अशा वेळी दोन मास्तर त्याच्या वाट्याला येतात. मंत्री मास्तर गणिताचे आणि धाकाचे. पण त्यांचा धाक उनाडांसाठी आहे, अभ्यास करणाऱ्याच्या पाठीवर शाबासकीची थाप पडते. वसंत पाटील या हुशार मुलाचे अनुकरण करीत हाही गणितात पुढे सरकतो, इतरांची गणिते तपासू लागतो. मास्तर त्याला 'आनंदा' म्हणून हाक मारू लागतात. ही हाक आम्हांस या प्रकरणातील सर्वांत महत्त्वाची घटना वाटते. कारण ज्याला कोणी नीट नावाने पुकारत नव्हते, त्याला वर्गात प्रथम एक जागा मिळाली.

सौंदलगेकर मास्तरांची रीत निराळी. ते कविता गाऊन, हावभाव करून शिकवितात. स्वतः कविता करतात. आपल्या दारच्या मालतीच्या वेलावर त्यांनी केलेली कविता ऐकल्यावर मुलाला उमगते की, कवी हा आपल्यासारखाच हाडामांसाचा माणूस असतो. आता पिकाला पाणी पाजताना त्याला एकटेपणा जाचत नाही, तर हवासा वाटतो. मोठ्याने गाता येते. त्याची मराठी सुधारते ती त्यानंतर. आधी जवळीक, मग भाषेची शुद्धी, हा क्रम यादवांनी मुद्दाम मांडलेला नाही, तो अनुभवातून आपोआप आला आहे, आणि म्हणूनच तो विश्वसनीय वाटतो.

हा क्रम उलटा झाला म्हणजे काय होते, हे पाहण्यास सीमाभागाइतकी योग्य जागा नाही. बसवकल्याण तालुक्यातील कोहिनूरसारख्या गावाच्या आसमंतात मराठी, कन्नड आणि दखनी या तिन्ही भाषा मुलाच्या कानी पडतात. निजामी राजवटीत वरच्या शिक्षणाची भाषा उर्दू होती. १९५६ साली बीदर जिल्हा विभागला गेला. उदगीर, निलंगा, अहमदपूर मुंबई राज्यात गेले, भालकी, हुमनाबाद तत्कालीन म्हैसूर राज्यात राहिले. वर्गाची भाषा आणि घरची भाषा यांच्यातील अंतर येथे पिढ्यान्‌पिढ्यांचे आहे. अशा वर्गात मूल तोंड उघडते न उघडते तोच जो मास्तर त्याचा उच्चार दुरुस्त करतो, त्याला पुढच्या प्रश्नाचे उत्तर मिळत नाही; आणि मग तो मुलांना मठ्ठ ठरवून मोकळा होतो. (ज्या कल्याणात बाराव्या शतकात अनुभवमंटपात नाना जातींच्या आणि व्यवसायांच्या स्त्रीपुरुषांनी आपल्या बोलीत मते मांडली, त्या कल्याणाच्या पंचक्रोशीत हे व्हावे!)

यावर एक आक्षेप संभवतो. सारा भार मास्तराच्या वृत्तीवर टाकणे न्याय्य आहे काय? डॉ. आंबेडकरांच्या चरित्रातील प्रसंग सर्वश्रुत आहे. एल्फिन्स्टन हायस्कुलात शिक्षकांनी त्यांना गणित सोडविण्यास फळ्याकडे बोलाविले, तेव्हा फळ्यामागे ठेवलेले आपले डबे विटाळतील म्हणून सवर्ण मुलांनी एकच गलका केला. शिक्षकाने बोलाविले होते, वर्गाने अडविले. आक्षेपात तथ्य आहेच. परंतु त्यातून शिक्षकाची जबाबदारी कमी होत नाही, वाढते. मुलाला फळ्याकडे बोलाविणे हे काम अर्धे आहे; तो तेथे पोचेपर्यंत वर्गाला आवरणे हे उरलेले अर्धे. सौंदलगेकर मास्तरांना हे कळले होते. आनंदाने चाल लावून म्हटलेली कविता त्यांनी प्रथम स्वतः ऐकली, आणि मग त्याला सहावी-सातवीच्या मुलांपुढे ती गायला लावली.