ओरानचे उंदीर

आल्बेर कामू यांची ‘प्लेग’ (१९४७) ही कादंबरी अल्जीरियातल्या ओरान शहरात घडते. शहर अगदी साधे, असे सुरुवातीलाच सांगितले आहे. मग एप्रिलातल्या एका सकाळी डॉक्टर रियू यांचा पाय मेलेल्या उंदरावर पडतो. आधी उंदीर, मग माणसे. १८९६ च्या मुंबईच्या गोष्टी घरात ऐकलेल्यांना हा क्रम समजावायला नको. वर्णन अंगावर येते, डॉक्टर तर लाख माणूस! पण ‘साधे शहर’ मला पटत नाही. १९४० साली तिथल्या यहुद्यांचे फ्रेंच नागरिकत्व काढून घेतले, पुढे मुलांना सरकारी शाळांतून घालवले. कामू यांनी स्वतः ओरानमध्ये अशा मुलांना शिकवले. तरी मुख्य पात्रांत एकही यहुदी दाखवलेला नाही, अरबही नाही. प्लेग म्हणजे नाझी असे मानले, तर हे जास्तच खटकते.