गाणं प्रबंधात मावतं का?

एम.ए. संगीत झालेले विद्यार्थी पीएच.डी.बद्दल विचारतात, तेव्हा बोलणं फिरून फिरून एकाच प्रश्नाशी येतं. "परफॉर्मन्समध्ये करता येते का?" म्हणजे इतिहास नको, ग्रंथांची जंत्री नको, मी इतकी वर्षं गाते किंवा वाजवतो, तोच माझा अभ्यास धरला जाईल का?

सरळ उत्तर असं: पदवी संगीतातली मिळते, तपासला जातो तो मात्र लिहिलेला मजकूर. हे बरोबर की चूक, हा आजच्या लेखाचा विषय आहे. सिनॉप्सिस लिहायला बसण्याआधी यावर विचार झाला नाही, तर पुढची चार-सहा वर्षं गाणं एकीकडे आणि प्रबंध दुसरीकडे असा संसार करावा लागतो.

आधी रस्ता कसा आहे ते पाहू. प्रवेशासाठी नेट किंवा विद्यापीठाची पेट. नेटला तीन तास, १५० वस्तुनिष्ठ प्रश्न, ३०० गुण. संगीत विषयातही तेच. या तीन तासांत कोणी तानपुरा जुळवत नाही. त्यानंतर यूजीसीचे २०२२ चे नियम लागू होतात: किमान १२ क्रेडिटचा कोर्सवर्क, किमान तीन आणि साधारण कमाल सहा वर्षांचा कालावधी, शेवटी प्रबंध, किमान दोन बाह्य परीक्षक आणि मौखिकी. वाङ्मयचौर्य तपासायला सॉफ्टवेअर असतं. ते वाक्यं पकडतं. कुणाची तान किंवा कुणाची बढत जशीच्या तशी उचलली, तर ते पकडण्याची यंत्रणा या साखळीत कुठेच नाही, कारण तान हा पुरावा आहे असं ही साखळी मानतच नाही.

गंमत अशी की हीच व्यवस्था नोकरीच्या बाबतीत वेगळं बोलते. यूजीसीच्याच २०१८ च्या नेमणुकीच्या नियमांत पारंपरिक कलावंतासाठी वेगळी वाट ठेवलेली आहे. नामवंत गुरूकडे तालीम, आकाशवाणी-दूरदर्शनची 'ए' ग्रेड आणि विषय समजावून सांगण्याची क्षमता अशा गोष्टी तिथे पात्रतेत धरल्या जातात. म्हणजे शिकवण्यासाठी गळ्यातलं ज्ञान चालतं, पण ज्ञानाची सर्वोच्च पदवी देताना ते परिशिष्टात, सीडीच्या किंवा पेनड्राइव्हच्या खिशात जातं. ही विसंगती नजरेआड करण्यासारखी नाही.

बाहेरच्या देशांत याची दोन-तीन उत्तरं काढली गेली आहेत. अमेरिकेत डी.एम.ए. ही सादरीकरणाकडे झुकलेली डॉक्टरेट विसाव्या शतकाच्या मध्यापासून रुजली. त्यात अनेक रिसायटल द्यावी लागतात आणि जोडीला एक लेखी दस्तऐवज. संगीतशास्त्राची पीएच.डी. तिथे वेगळी. हेलसिंकीच्या सिबेलियस अकादमीत कलात्मक डॉक्टरेट आहे. तिथे मैफलींची आखीव मालिका आणि लेखी भाग मिळून एकच काम धरलं जातं. हे ऐकून "आपल्याकडेही असंच हवं" असं म्हणण्याचा मोह होतो. मलाही ते हवं आहे. पण नक्की काय हवं, ते नीट सांगता आलं पाहिजे.

कारण "माझी मैफल हाच माझा प्रबंध" हे वाक्य कानाला गोड लागलं तरी संशोधन म्हणून टिकत नाही. उत्तम मैफलीतून काय सिद्ध होतं? गाणाऱ्याची तयारी, समज, प्रतिभा. हे सगळं मौल्यवान आहे, पण ते एखाद्या प्रश्नाचं उत्तर असेलच असं नाही. संशोधनाला एक विधान लागतं, ज्याच्याशी दुसऱ्या कुणाला भांडता येईल. मैफलीबद्दल मी "रंगली" म्हणेन, शेजारचा "जमली नाही" म्हणेल. दोघेही घरी जातील. त्यातून विषय पुढे सरकत नाही. शिवाय फक्त सादरीकरणावर डॉक्टरेट द्यायची ठरवली, तर परीक्षक कोणत्या घराण्याचा, हा प्रश्न पहिल्या दिवशी उभा राहील. आणि जे कलाकार आधीच मोठे आहेत त्यांना ही पदवी कशाला लागते?

आता दुसरी बाजू. आपल्या ग्रंथालयांत संगीताचे प्रबंध चाळा. एक साचा वारंवार भेटतो: 'अमुक यांचे संगीतक्षेत्रातील योगदान: एक अभ्यास'. पहिलं प्रकरण वेदकाळापासून भारतीय संगीताचा इतिहास. दुसरं घराण्यांचा परिचय. तिसरं चरित्र. चौथ्यात शिष्यांच्या मुलाखती, त्यात सगळे गुरूंबद्दल आदराने बोलतात. पाचव्यात निष्कर्ष: योगदान मोठं आहे. ते मोठं आहे हे आपल्याला शीर्षक वाचतानाच ठाऊक होतं! असा प्रबंध वाचताना मी एकच कसोटी लावते: हा न गाणाऱ्या, पण चिकाटीच्या माणसाला लिहिता आला असता का? उत्तर 'हो' असेल, तर पंधरा वर्षांची तालीम त्या प्रबंधात वापरलीच गेलेली नाही. लिहिणारीकडे जे होतं आणि इतरांकडे नव्हतं, तेच नेमकं बाहेर राहिलं.

म्हणजे एका टोकाला विधान नसलेली मैफल आणि दुसऱ्या टोकाला गाणं नसलेला प्रबंध. मधली वाट आहे का? आहे, आणि ती आपल्याच भागात चाललेली माणसं आहेत. तीन उदाहरणं घेऊ.

पहिलं सांगलीचं. निवृत्त डेप्युटी कलेक्टर कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी श्रुतींच्या मापनावर काम केलं आणि १९१० साली बावीस श्रुतींवरचं इंग्रजी पुस्तक काढलं. त्यासाठी त्यांना अब्दुल करीम खाँसाहेबांच्या गळ्याची मदत झाली. आता भूमिका कशा वाटल्या गेल्या ते पाहा. स्वर लावणारा गायक, मोजणारा आणि लिहिणारा दुसरा. गळा म्हणजे जणू प्रयोगशाळेतलं उपकरण. पण या कामाचं बळही बघा: विधान स्पष्ट होतं, म्हणून त्यावर वाद घालता आला. पुढे १९६३ साली नझीर जयराजभॉय आणि स्टोन यांनी ध्वनिमुद्रणांतले स्वर मोजले, तेव्हा एकाच स्वराची जागा कलाकारागणिक बरीच हलते असं दिसलं. भांडता येईल असं विधान केलं की पन्नास वर्षांनीही विषय पुढे जातो, तो असा.

दुसरं उदाहरण वामनराव देशपांडे यांच्या 'घरंदाज गायकी'चं. व्यवसायाने चार्टर्ड अकाउंटंट, स्वतः अनेक वर्षं तालीम घेतलेले. १९६१ च्या या पुस्तकात त्यांनी घराणी स्वर आणि लय या दोन टोकांमध्ये मांडली: किराणा स्वराच्या टोकाला, आग्रा लयीच्या टोकाला, जयपूर दोन्हींचा तोल सांभाळणारं. ही मांडणी पटो वा न पटो, ती ऐकणाऱ्या आणि गाणाऱ्या माणसाची आहे. नुसती पुस्तकं वाचून ती सुचली नसती. माझा आक्षेप एवढाच, की घराणं हा एकजिनसी ठोकळा धरला की त्याच घराण्यातल्या दोन गवयांमधला फरक या रेषेवर दाखवता येत नाही. पण आक्षेप घेता येतो, हीच त्या पुस्तकाची ताकद. 'योगदान' छापाच्या प्रबंधावर आक्षेप घेऊन बघा. कुठे बोट ठेवायचं तेच सापडत नाही.

तिसरं उदाहरण मला सर्वांत जवळचं वाटतं: प्रभाताई अत्रे. सुरेशबाबू माने आणि हिराबाई बडोदेकर यांच्याकडे किराणा घराण्याची तालीम, पुढे एस.एन.डी.टी. विद्यापीठात संगीत विभागाच्या प्रमुख. त्यांच्या डॉक्टरेटचा विषय होता सरगम. हा विषय किती नेमका आहे, ते लक्षात घ्या. सरगम म्हणजे शिकवण्या-शिकण्याचं साधन, की ख्यालात आलाप-तानेच्या बरोबरीने वापरता येईल असं संगीताचं द्रव्य? मैफलीत सरगम घेणाऱ्या प्रत्येक गायकाला हा प्रश्न कधी ना कधी ऐकावा लागतो. प्रभाताई स्वतः मैफलीत सरगम मुक्तपणे वापरत. उस्ताद अमीर खाँ यांच्या सरगमचा प्रभावही त्यांनी मानला होता. म्हणजे प्रश्न मंचावर जन्मला आणि अभ्यासाच्या टेबलावर आला. त्यांच्या गाण्याने प्रबंधाची जागा घेतली नाही, की प्रबंधाने गाण्याला बाजूला सारलं नाही. गात नसलेल्या माणसाला हा प्रश्न एवढा टोचलाच नसता.

या तीनही उदाहरणांत समान काय? छोटा प्रश्न, उघड विधान, आणि गळ्यातून किंवा कानातून आलेला पुरावा. तुमच्या विषयातही हेच शोधा. समजा, तुम्ही किराणा गायकी शिकता आणि विषय सुचतोय 'ख्यालातील विलंबित लय: एक अभ्यास'. हा फार पसरट आहे. त्याऐवजी असं विचारा: एकच बंदिश एकताल कायम ठेवून तीन वेगळ्या लयींत गायली, तर मुखडा समेवर आणण्याची पद्धत कुठे आणि कशी बदलते? हा प्रश्न घेऊन तुम्हाला गावंच लागेल. सहा महिने तीच बंदिश गा, प्रत्येक बैठकीचं ध्वनिमुद्रण ठेवा, त्याच दिवशी टाचण लिहा. मग जुन्या ध्वनिमुद्रणांत इतर गवई काय करतात ते मिनिट-सेकंदासह नोंदवा. आपल्याच गाण्याचा अभ्यास करताना मन आपल्या बाजूने कौल देतं. म्हणून तुमच्या नोंदी न वाचलेल्या दोन जाणकारांना तीच ध्वनिमुद्रणं ऐकवून त्यांची मतं वेगळी घ्या. तबलजीलाही विचारा, आमद कुठून सुरू झाली हे अनेकदा त्याला तुमच्या आधी कळतं.

असं काम आजच्या नियमांतही करता येतं. नियम प्रबंध मागतात. त्यात पुरावा म्हणून ध्वनिमुद्रण नको, असं म्हणत नाहीत. अडचण सवयीची आहे. म्हणून नोंदणीआधी गाइडना तीन गोष्टी मोकळेपणाने विचारा. सर किंवा मॅडम, माझी ध्वनिमुद्रणं परिशिष्टात जातील की प्रकरणात, युक्तिवादाचा भाग म्हणून? परीक्षकांना ती ऐकणं भाग पडेल, अशी प्रबंधाची रचना करता येईल का? मौखिकीत गाऊन किंवा वाजवून दाखवायला वेळ मिळेल का? तिन्हींची उत्तरं 'बघू नंतर' अशी आली, तर सावध व्हा.

हे सगळं इतकं ताणून सांगण्यामागे कारण आहे. पीएच.डी.चं वय साधारण पंचवीस ते एकतीस. हेच वय आवाज ठरण्याचं, हात बसण्याचं, दोन-चार ठिकाणी नाव ऐकू येण्याचं. या वर्षांत रोजचे चार तास कशाला जातात, यावर पुढचा गवई किंवा वादक ठरतो. न गाता लिहिता येईल असा विषय घेतला, की ते चार तास टंकलेखन, संदर्भसूची आणि प्रगती अहवालात जातात आणि रियाज 'सबमिशन झाल्यावर' वर ढकलला जातो. पदवी मिळते, नावाआधी डॉक्टर लागतं, आणि षड्ज लावायला बसलं की आवाज ओळखीचा वाटत नाही. अशी माणसं आपल्या सगळ्यांच्या पाहण्यात आहेत.

विद्यापीठांनी कलात्मक डॉक्टरेटची वेगळी सोय करावी, ही मागणी आपण करत राहायला हवी. त्यासाठी आधी चार-दोन प्रबंध असे लागतील, ज्यांतलं गाणं काढून टाकलं तर युक्तिवाद कोसळतो. तोवर आपल्या हातात विषयाची निवड आहे. सिनॉप्सिसचं पहिलं पान लिहून झालं की ते एखाद्या न गाणाऱ्या हुशार मित्राला वाचायला द्या आणि विचारा, "तुला हे जमेल का?" तो "हो, वेळ दिला तर जमेल" म्हणाला, तर विषय बदला.