पक्षियाद्या आणि उसाचे रान

‘पूर्वीइतक्या चिमण्या आता दिसत नाहीत,’ असे आपण सारेच म्हणतो. पण पूर्वी म्हणजे किती आणि कुठे, असे एखाद्या विद्यार्थ्याने विचारले की आपली पंचाईत होते. अशा प्रश्नांसाठी उपयोगी पडेल अशी एक संगणकीय नोंदवही अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठाची पक्षिविज्ञान प्रयोगशाळा आणि ऑडुबॉन सोसायटी यांनी २००२ मध्ये सुरू केली. तिचे नाव ‘ई-बर्ड’. तिच्यात कोणीही आपली पक्षियादी विनामूल्य नोंदवू शकतो. भारतातील सुमारे ३० हजार निरीक्षकांच्या ३ कोटी नोंदींच्या आधारे ‘स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्स’ हा २०२३ चा अहवाल तयार झाला. त्यात ९४२ जातींचा आढावा आहे. या उपक्रमाचे शिक्षकांनी कौतुक करावेच, पण त्याची चिकित्साही करावी.

आधी कौतुक. इथे पक्ष्यांची नावे लिहून भागत नाही. सुरुवातीची वेळ, किती मिनिटे पाहिले, किती अंतर चाललो, हेही लिहावे लागते. शिवाय ‘ओळखता आलेल्या सर्व जाती नोंदवल्या का?’ या प्रश्नाचे उत्तर द्यावे लागते. हा प्रश्न म्हणजे या पद्धतीचा प्राण. अशा पूर्ण यादीत चिमणी नसेल, तर ‘दिसली नाही’ हीसुद्धा नोंद ठरते. समजा, एखादी जात पूर्वी १०० पैकी ४० याद्यांत असे आणि आता २८ याद्यांत आहे. तर तिच्या आढळात ३० टक्के घट झाली. एकूण पक्षी न मोजताही कल कळतो. मोठ्या शहरांत चिमण्या घटल्या असल्या, तरी देशभरात त्यांची संख्या साधारण स्थिर आहे, असे २०२० च्या अहवालात याच रीतीने दिसून आले.

आता उणिवा. कुठे जायचे हे निरीक्षक स्वतः ठरवतो. कोल्हापूरचा हौशी निरीक्षक सुट्टीला रंकाळ्यावर, कळंब्याला किंवा राधानगरी-दाजीपूरच्या जंगलात जाईल. शिरोळच्या उसाच्या रानात मुद्दाम कोण जाणार? संख्याशास्त्राने दाट नोंदींचा भार कमी करता येतो. नसलेली नोंद मात्र निर्माण करता येत नाही. ज्या जातींच्या धोक्याचे फेरमूल्यांकन व्हावे असे २०२३ च्या अहवालाने सुचवले, त्यांत मोकळ्या रानात आणि शेतांवर दिसणारा नीळकंठ आहे. आपल्या तालुक्यात त्याचे काय झाले, हे शेतांतल्या याद्यांवाचून कसे कळणार? दुसरी उणीव अशी की, पाहायचे नागरिकांनी आणि प्रश्न विचारायचे बहुधा तज्ज्ञांनी, अशी वाटणी होते. विद्यार्थी नुसते आकडे पुरवू लागला, तर निम्मे विज्ञान त्याच्या हातून निसटते.

दोन्ही उणिवा शाळा कमी करू शकते. शाळेजवळच्या एकाच बांधावर दर आठवड्याला ठरलेल्या वेळी १५ मिनिटे पाहावे. उसाची लागण, तोड आणि पाचट पेटवल्याची तारीख वहीत टिपावी. तोडीनंतर बगळे वाढतात का, असे प्रश्न मुलांनीच काढावेत. यादी ई-बर्डला पाठवावी, पण वही शाळेतच ठेवावी. एखाद्या दिवशी दोन कावळे आणि एक साळुंकी एवढेच दिसले, तरी ती यादी पाठवावीच.