रानवाट कुणाची?

उर्दू शाळेत इंग्रजी शिकवताना वर्ड्सवर्थच्या डॅफोडिल्सशी आमची गाठ पडतेच. ते फूल ना आम्ही पाहिलेले, ना मुलांनी. मोहफूल मात्र अर्धाअधिक वर्ग ओळखतो. त्या कवीने सरोवरांच्या मुलखात पायी भटकून १८१० साली त्या मुलखाचे वर्णन छापले. पुढे त्याचीच प्रवासमार्गदर्शिका झाली. पण तिथल्या निसर्गरम्य पाऊलवाटा आयत्या मिळालेल्या नाहीत. १९३२ मध्ये किंडर स्काउटच्या खाजगी माळावर कामकरी तरुण मुद्दाम चालत गेले, काही तुरुंगात गेले. १९४९ मध्ये कायदा झाला आणि १९६५ मध्ये पेनाइन वे ही लांब पल्ल्याची पायवाट खुली झाली.

हे ध्यानात ठेवून मारुती चितमपल्लींचे 'रानवाटा' आणि 'नवेगावबांधचे दिवस' वाचावे. नवेगावबांध १९९९ पर्यंत आमच्याच भंडारा जिल्ह्यात होते. चितमपल्ली तिथे सुट्टीपुरते आले नव्हते. वनखात्याची नोकरी होती. एकच वाट सगळ्या ऋतूंत तुडवल्याने त्यांच्या लेखनाला पाहुण्याच्या नजरेचा उथळपणा नाही. सलीम अलींनी पाखरे इंग्रजीत आणली, चितमपल्लींनी ती मराठीत नांदवली. 'सारंगागार', 'काकागार' असे शब्द दिले. हे ऋण मोठे आहे.

तरी दोन तक्रारी नोंदवल्याच पाहिजेत. पाहिलेले आणि ऐकलेले ते शेजारी शेजारी ठेवतात, मधली रेघ आखत नाहीत. वर्गात उतारा वाचला की पोर विचारते, "सर, ये सच है?" आणि आम्ही अडखळतो. दुसरे असे की, तेंदूपान आणि मोहासाठी जी बाई पहाटे रानात शिरते, तिच्या पायांचा शीण आम्हांला या पानांत फारसा भेटला नाही. तिची वाट सौंदर्याची नाही, पोटाची आहे.

२०१३ मध्ये नवेगाव-नागझिरा व्याघ्रप्रकल्प झाला. आता पर्यटक जिप्सीतून रान पाहतो. खाली उतरायचे नाही, असा दंडक. वाघासाठी ते योग्यच. २०२५ मध्ये चितमपल्लीही गेले. म्हणजे त्या रानात पायी हिंडायला आता त्यांची पुस्तकेच उरली. त्या वाटेच्या तोंडाशी मराठीचे फाटक आहे, आणि आमची पुष्कळ मुले अजून त्याच्या बाहेर उभी आहेत. ते उघडणे वनखात्याचे काम नव्हे, आमचे आहे.