'राज्य येवो' : मराठी ख्रिस्ती साहित्यातील अंत्यकाळ व अंतिम न्यायाची संकल्पना

प्रस्तावना

मराठी ख्रिस्ती साहित्याची समीक्षा प्रामुख्याने दोन प्रश्नांभोवती फिरत राहिली आहे. पहिला प्रश्न भाषेचा. फादर थॉमस स्टीफन्स यांनी मराठीचा केलेला गौरव हा त्या चर्चेचा नित्याचा आरंभबिंदू असतो. दुसरा प्रश्न धर्मांतराचा. पंडिता रमाबाई, ना. वा. टिळक आणि लक्ष्मीबाई टिळक यांचे लेखन या अंगाने वाचले जाते. या दोन्ही चर्चांत ख्रिस्ती श्रद्धेचा एक गाभ्याचा विषय मात्र बाजूला पडतो. जगाचा अंत, ख्रिस्ताचे पुनरागमन, मृतांचे पुनरुत्थान आणि अंतिम न्याय या कल्पना मराठीत आल्या तेव्हा त्यांचे काय झाले, हा तो विषय होय. या कल्पना मराठी मनाला परक्या आहेत, भय दाखवून धर्मप्रसार करण्याचे ते साधन आहे, असा एक समज रूढ आहे. प्रस्तुत लेखात या समजाची चिकित्सा करण्याचा प्रयत्न केला आहे. मराठीत या श्रद्धेला दोन शब्दकळा लाभल्या, एक कालगणनेची व दुसरी शेतशिवाराची, आणि तिचा खरा आशय दुसरीतच प्रकट झाला, असे येथे प्रतिपादन केले आहे.

अंबाजोगाई आणि रायतूर : कालाची दोन प्रतिमाने

या प्रश्नाकडे बीड जिल्ह्यातून पाहणे उपयुक्त ठरते. अंबाजोगाई हे आद्यकवी मुकुंदराजांचे समाधिस्थान म्हणून परंपरेने मानले जाते. संत दासोपंतांची (१५५१–१६१५) कर्मभूमीही तीच. दासोपंतांनी पासोडीवर लिहिलेले पंचीकरण प्रसिद्ध आहे. पंचमहाभूतांपासून सृष्टी कशी घडते आणि तत्त्वे आपल्या कारणांत कशी विलीन होतात, हा पंचीकरणाचा विषय. अंत म्हणजे येथे विलय होय. जे जेथून आले ते तेथे परत जाते. भागवताच्या बाराव्या स्कंधात प्रलयाचे नित्य, नैमित्तिक, प्राकृतिक आणि आत्यंतिक असे चार प्रकार सांगितले आहेत. कलियुगाची ४,३२,००० वर्षे संपली की पुन्हा कृतयुग येते. या विचारात जगाचा अंत अनेकदा होतो, म्हणूनच तो अखेरचा नसतो.

दासोपंत १६१५ मध्ये समाधिस्थ झाले आणि १६१६ मध्ये गोव्यातील सासष्टीत रायतूर येथे फादर स्टीफन्स यांचे 'ख्रिस्तपुराण' मुद्रित झाले. मूळचे इंग्रज असलेले हे जेझुइट धर्मगुरू १५७९ मध्ये गोव्यात आले. सुमारे ११,००० ओव्यांचा त्यांचा ग्रंथ रोमन लिपीत छापला गेला. अंबाजोगाईचा दत्तभक्त आणि सासष्टीचा ख्रिस्ती धर्मगुरू हे एकाच काळात, ओवी या एकाच छंदात लिहीत होते. मात्र दोघांच्या कालकल्पनेत मूलभूत अंतर होते. ख्रिस्ती विचारात काल एका आरंभापासून एका शेवटाकडे जातो. सृष्टी एकदाच निर्माण होते, ख्रिस्त एकदाच मरतो व उठतो आणि न्यायही एकदाच होतो.

पुराणाचा साचा आणि अंताचा प्रश्न

स्टीफन्स यांनी आपल्या ग्रंथाला 'पुराण' म्हटले, ही घटना केवळ शैलीची नाही. सर्ग, प्रतिसर्ग, वंश, मन्वंतर आणि वंशानुचरित ही पुराणाची पाच लक्षणे होत. यांपैकी सर्ग, वंश आणि वंशानुचरित यांना बायबलच्या कथेत सहज जागा मिळते. जगाची उत्पत्ती, आदामापासूनची वंशावळ आणि राजांची चरित्रे तेथे आहेतच. अडचण येते ती प्रतिसर्ग आणि मन्वंतर यांपाशी. पुन्हा पुन्हा होणारी सृष्टी आणि पुन्हा पुन्हा येणारे मनू यांना ख्रिस्ती कथेत स्थान नाही. म्हणजे पुराणाचा साचा स्वीकारताना त्याची कालकल्पना बाहेर ठेवावी लागली. 'ख्रिस्तपुराण' हे या अर्थाने चक्राविना पुराण आहे.

शब्दांच्या पातळीवरही हा ताण दिसतो. स्टीफन्स यांनी स्वर्गासाठी 'वैकुंठ' हा शब्द योजला. गोव्यातील ख्रिस्ती कोंकणीत नरकाला आजही 'येमकोंड' म्हणतात, म्हणजे यमाचे नाव त्या शब्दात कायम राहिले आहे. मराठी बायबलच्या परंपरेतही हेच घडले. विल्यम कॅरी यांच्या सेरामपूर येथील छापखान्यातून १८११ मध्ये मराठी नवा करार प्रसिद्ध झाला. पुढे अनेक भाषांतरे झाली आणि शब्दयोजना स्थिर होत गेली. प्रचलित भाषांतरात मूळ ग्रीक 'आयोन' या शब्दासाठी 'युग' हा शब्द आला. त्यामुळे जगाच्या अंताला 'युगाची समाप्ती' असे नाव मिळाले. हा शब्द मराठी वाचकाच्या कानाला ओळखीचा आहे. परंतु एक युग संपले की दुसरे लागते, हेही त्या वाचकाला ठाऊक असते. ज्या शब्दाने अखेर सांगायची, तोच शब्द पुढच्या आरंभाची अपेक्षा जागी करतो.

कालवाचक शब्दकळेचा आणखी एक धोका आहे. अंत म्हणजे केवळ एक तारीख मानली, की ती तारीख शोधण्याचा मोह सुरू होतो. अमेरिकेत विल्यम मिलर यांच्या अनुयायांनी २२ ऑक्टोबर १८४४ हा ख्रिस्ताच्या पुनरागमनाचा दिवस ठरविला आणि तो दिवस सरल्यावर त्यांच्या पदरी निराशा आली. वस्तुतः तो दिवस व ती घटका कोणालाही ठाऊक नाही, असे मार्कच्या शुभवर्तमानाच्या तेराव्या अध्यायात स्पष्ट सांगितलेले आहे. गणित मांडणे हे या श्रद्धेचे वैशिष्ट्य नसून तिचा विपर्यास आहे.

खळे, सूप आणि निदण

मराठी बायबलमध्ये अंतिम न्यायाचे वर्णन करणारी दुसरी शब्दकळा शेतीची व गुराख्याची आहे. मत्तयाच्या तिसऱ्या अध्यायात बाप्तिस्मा करणारा योहान येणाऱ्या न्यायाधीशाचे वर्णन करतो, तेथे 'सूप' आणि 'खळे' हे शब्द येतात. तेराव्या अध्यायातील दृष्टांतात गव्हात शत्रूने पेरलेल्या तणासाठी 'निदण' हा शब्द आहे. कापणीपर्यंत दोन्ही एकत्र वाढू द्यावीत, असे तेथे सांगितले आहे. पंचविसाव्या अध्यायात मेंढपाळ 'मेंढरे' आणि 'शेरडे' वेगळी करतो.

या शब्दांना टीपेची गरज नाही. खळ्यावर वाऱ्याची दिशा पाहून उफणणी करणे, दाणा व भूस वेगळे होताना पाहणे, हा मराठवाड्यातील शेतकऱ्याचा पिढ्यानपिढ्यांचा अनुभव आहे. निंदणीची घाई केली तर तणाबरोबर पीकही उपटले जाते, हे त्याला सांगावे लागत नाही. आष्टी-पाटोद्याच्या माळावर शेळ्या-मेंढ्या दिवसभर एकाच कळपात चरतात. त्या वेगळ्या करणे ही धनगराची नित्याची कृती आहे. अशा वाचकाला अंतिम न्याय ही परकी आपत्ती वाटण्याचे कारण नाही. ती सुगी आहे. वर्षभराच्या कष्टाचा हिशेब ज्या दिवशी लागतो, तो हा दिवस.

येथे चित्रगुप्ताच्या वहीशी तुलना अपरिहार्य ठरते. प्रकटीकरणाच्या विसाव्या अध्यायात पुस्तके उघडली जातात आणि त्यांत 'जीवनाचे पुस्तक' हेही असते. साम्य उघड आहे. भेद असा, की चित्रगुप्ताच्या वहीत एकेका जिवाचा हिशेब त्याच्या मृत्यूनंतर स्वतंत्रपणे होतो. ख्रिस्ती परंपराही प्रत्येकाचा मरणोत्तर न्याय मानते, परंतु अंतिम न्यायात सर्व राष्ट्रे एकाच वेळी एकाच सिंहासनापुढे उभी राहतात. ज्याने अन्याय केला आणि ज्याने सोसला, ते दोघेही तेथे समोरासमोर असतात. म्हणून हा न्याय केवळ वैयक्तिक उरत नाही, तो सामाजिक होतो. त्याची कसोटीही तशीच आहे. भुकेल्याला अन्न, तान्हेल्याला पाणी, परक्याला आसरा, उघड्याला वस्त्र, आजाऱ्याची शुश्रूषा आणि बंदिवानाची भेट, एवढेच मत्तयाच्या पंचविसाव्या अध्यायात विचारले जाते. मतांची परीक्षा तेथे होत नाही.

टिळक आणि रमाबाई

या कसोटीवर अर्वाचीन मराठी ख्रिस्ती साहित्याकडे पाहिले असता दोन भिन्न प्रतिसाद दिसतात. ना. वा. टिळक (मृत्यू १९१९) यांनी ख्रिस्ताला गुरू आणि माउली या भक्तिपरंपरेतील रूपांत पाहिले. मराठी ख्रिस्ती काव्याला त्यामुळे स्वतःचा सूर लाभला, हे निर्विवाद. परंतु या लाभाची किंमतही लक्षात घ्यावी लागते. माउली क्षमा करते, ती निवाडा करीत नाही. न्यायाधीश ख्रिस्त या काव्यात मागे सरतो. मात्र १९१७ मध्ये टिळकांनी मिशनची नोकरी सोडून बाप्तिस्मा घेतलेल्या व न घेतलेल्या शिष्यांसाठी जी संस्था कल्पिली, तिला 'देवाचा दरबार' हे नाव दिले. दरबार हे भक्तीइतकेच फिर्यादीचे व न्यायाचेही ठिकाण असते. काव्यात दबलेली न्यायाची जाणीव संस्थेच्या नावात वर आली, असे म्हणण्यास जागा आहे.

पंडिता रमाबाई (१८५८–१९२२) यांचा मार्ग वेगळा होता. १८९६–९७ च्या दुष्काळात त्यांनी मध्य प्रांतात फिरून शेकडो निराधार मुली व स्त्रिया आणल्या आणि केडगाव येथे त्यांना आश्रय दिला. १९०५ मध्ये मुक्ती सदनात जी आध्यात्मिक जागृती झाली, तिच्याकडे त्या काळातील अनेक ख्रिस्ती निरीक्षकांनी अंत्यकाळाच्या खुणेच्या दृष्टीने पाहिले. समीक्षकाला अधिक महत्त्वाचा वाटावा असा भाग तिच्या आधीचा आहे. अंत जवळ आला असे मानणारी माणसे जेथे प्रार्थनेला बसली, तेथे आठ वर्षे आधीपासून भुकेल्यांची चूल पेटत होती. आयुष्याच्या उत्तरार्धात रमाबाईंनी बायबलचे हिब्रू व ग्रीक भाषांतून मराठी भाषांतर केले. त्यात सामान्य स्त्रियांना कळेल अशा सोप्या भाषेचा त्यांचा आग्रह होता. स्टीफन्स यांनी पुराणाची भाषा जवळ केली, रमाबाई तिच्यापासून हेतुपूर्वक दूर गेल्या. खळे आणि सूप यांची भाषा ज्या वाचकासाठी आहे, तोच वाचक रमाबाईंच्या डोळ्यांपुढे होता.

बळीचे राज्य आणि देवाचे राज्य

ख्रिस्ताच्या पुनरागमनाला मराठी परंपरेत प्रतिरूप शोधताना बहुधा कल्की अवताराचे नाव घेतले जाते. हे साम्य वरवरचे आहे. कल्की युगचक्राचा एक टप्पा पुरा करतो. त्याहून जवळचे प्रतिरूप लोकपरंपरेत आहे. दिवाळीच्या पाडव्याला ओवाळताना इडापिडा टळण्याची आणि बळीचे राज्य येण्याची इच्छा स्त्रिया व्यक्त करतात. ज्याला अन्यायाने पाताळात घातले, तो न्यायी राजा परत यावा, ही ती आकांक्षा. महात्मा फुले यांनी 'गुलामगिरी' (१८७३) मध्ये येशू ख्रिस्ताला बळीराजाच्या मालिकेत बसविले. ख्रिस्ती न झालेल्या या विचारवंताला जे साम्य दिसले, ते मराठी समीक्षेने पुरेसे तपासलेले नाही.

या साम्याचा भाषिक पुरावाही उपलब्ध आहे. प्रभूने शिकविलेल्या प्रार्थनेच्या मराठी रूपात आणि पाडव्याच्या ओवाळणीत 'राज्य' या नामापुढे 'येवो' हे एकच इच्छादर्शक क्रियापद येते. भाषांतरकारांना हे साधर्म्य अभिप्रेत असो वा नसो, मराठी कानाला दोन्हींत एकच मागणी ऐकू येते. 'युगाची समाप्ती' या शब्दाने जे साधले नाही, ते 'राज्य येवो' या शब्दांनी साधले. अंताची श्रद्धा येथे भय न राहता मागणी बनते.

भेदही नोंदविले पाहिजेत. बळीराजा दरवर्षी येतो व परत जातो, ख्रिस्ताचे येणे अखेरचे आहे. बळीच्या राज्याच्या कल्पनेत सुबत्ता आहे, निवाडा नाही. मेंढरे व शेरडे वेगळी करण्याचा कठोर क्षण ओवाळणीत येत नाही. हा क्षण ही ख्रिस्ती परंपरेने मराठी कल्पनाविश्वात घातलेली भर आहे.

एक आक्षेप

न्याय शेवटच्या दिवसावर ढकलला की आजचा अन्याय सहन करण्याची शिकवण मिळते, हा आक्षेप गंभीर आहे. इतिहासात या श्रद्धेचा असा उपयोग झालेला आहे, हे मान्य केले पाहिजे. तथापि, तो मूळ संहितेला धरून नाही. मत्तयाच्या पंचविसाव्या अध्यायात न्याय शेवटी होतो, पण ज्या कृत्यांचा होतो ती सर्व आजची आहेत.

बीड जिल्ह्यात हा मुद्दा केवळ तात्त्विक राहत नाही. दसरा-दिवाळीच्या सुमारास, म्हणजे घरोघर बळीचे राज्य मागितले जाते त्याच दिवसांत, येथील ऊसतोड कामगारांच्या टोळ्या मुकादमाची उचल घेऊन पश्चिम महाराष्ट्र व कर्नाटकाकडे निघतात. पुढले काही महिने ही माणसे दुसऱ्याच्या फडाशेजारी, पालात, परकी म्हणून राहतात. २०१९ मध्ये येथील ऊसतोड स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न राज्यभर गाजला आणि शासनाला चौकशी समिती नेमावी लागली. भूक, तहान, परकेपण आणि आजारपण ही त्या अध्यायातील कसोटी येथे दृष्टांतात शोधावी लागत नाही.

समारोप

उपरोक्त विवेचनावरून असे म्हणता येईल, की अंत्यकाळाची ख्रिस्ती श्रद्धा मराठीत केवळ परकी राहिली नाही. कालगणनेच्या शब्दांत ती अडखळली, कारण त्या शब्दांना स्वतःचे चक्र होते. खळे, सूप, निदण आणि राज्य या शब्दांत ती स्थिरावली. टिळकांच्या काव्यात तिचा निवाडा सौम्य झाला, रमाबाईंच्या कार्यात त्याची कसोटी प्रत्यक्षात उतरली आणि फुले यांच्या विचारात तिला लोकपरंपरेतील नातेवाईक भेटला. मराठी ख्रिस्ती साहित्याच्या अभ्यासकाने यापुढे अंत केव्हा होणार या प्रश्नाऐवजी, त्या दिवशी काय विचारले जाणार, या प्रश्नापासून वाचनास आरंभ करणे अधिक फलदायी ठरेल.